पुण्यातला घरगुती रीफ टँक: तापमान आणि दिव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. मार्च उजाडला की तापमानाचे प्रश्न सुरू होतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. उरलेलं वर्ष दिव्यांचं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हिशेब सोपा राहावा यासाठी सगळीकडे टँक आणि संप (खालच्या कपाटातली फिल्टरची टाकी) मिळून २०० लिटर पाणी धरलं आहे. तुमच्याकडे १०० लिटर असेल तर पाणी किती अंशांनी तापतं किंवा उतरतं ते आकडे दुप्पट धरा, ४०० असेल तर निम्मे.

१. पाणी नेमकं किती अंशांवर ठेवायचं?

२४ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये कुठेही चालतं. बहुतेक जण २५ वर ठेवतात. पुण्यात मी २६ सुचवतो. कारण साधं आहे: जानेवारीत आणि मे महिन्यातही टिकवता येईल असा आकडा निवडायचा. २५ चा हट्ट धरलात तर एप्रिल-मेमध्ये त्या एका अंशासाठी बरीच वीज आणि जीव दोन्ही खर्च होतात. आकड्याहून जास्त लक्ष द्या ते चढउताराकडे. पहाटेचं आणि संध्याकाळचं तापमान यांत एका अंशाहून जास्त फरक पडत नसेल तर टँक सुखी आहे. रोज २५ आणि २८ मध्ये झोके घेणाऱ्या टँकपेक्षा कायम २७ वर बसलेला टँक बरा.

२. समुद्रात पाणी ३० पर्यंत तापतं, मग टँकमध्येच एवढं काय बिघडतं?

प्रवाळाच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहतात. प्रकाशातून अन्न तेच बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. पाणी जास्त काळ तापलेलं राहिलं की या शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-रसायनं तयार होतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. प्रत्येक ठिकाणच्या प्रवाळाला तिथल्या उन्हाळ्याची सवय असते. त्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा जेमतेम एक अंश जास्त, पण काही आठवडे सलग, एवढंही समुद्रात पुरतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं ते असंच.

टँकमध्ये आणखी दोन अडचणी. एक म्हणजे तुमचं प्रवाळ वर्षभर २५-२६ ला राहिलेलं असतं, त्याला ३० ची सवयच नसते. दुसरी म्हणजे पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशांना मात्र तेव्हाच जास्त लागतो. ३० च्या पुढे गेलेल्या टँकमध्ये मासे आधी धापा टाकताना दिसतात, प्रवाळाचं रडगाणं नंतर.

३. पुण्याची हवा मुंबईपेक्षा बरी. मग चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच का?

बहुतेकांना लागत नाही. चिलरच्या आधी पंखा लावून एक उन्हाळा काढा, असंच मी प्रत्येकाला सांगतो. दुकानात याच्या उलटं सांगतील.

कारण आर्द्रतेत आहे. बाष्पीभवनाने पाणी किती थंड होऊ शकतं याची सीमा हवेच्या कोरडेपणावर ठरते. तिला आर्द्र-बल्ब तापमान म्हणतात. एप्रिलच्या दुपारी पुण्यात ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ही सीमा २१ च्या आसपास येते. म्हणजे पाणी २६ वर आणायला भरपूर वाव आहे. मुंबईत त्याच दिवसांत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तर सीमा २८ ला जाते. तिथे कितीही पंखे लावले तरी २६ मिळणार नाही. त्यामुळे मुंबईच्या मित्राने 'पंख्याने काही होत नाही' असं सांगितलं तर तो त्याच्यापुरता खरं बोलतोय.

पावसाळ्यात पुण्यातही पंख्याची ताकद जाते. २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला सीमा २५ वर येते. पण तेव्हा खोलीच थंड असते, त्यामुळे अडत नाही. खरी अडचण होते ती वळवाच्या सरीनंतरच्या दमट मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटच्या काही दिवसांत. तेवढ्या दिवसांसाठी प्रश्न ७ आणि १३ पाहा.

चिलर कोणाला लागतो? वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेला खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये टँक असेल, घर दिवसभर बंद राहत असेल आणि टँकमध्ये नाजूक एसपीएस, म्हणजे लहान तोंडांचं दगडी प्रवाळ, असेल तर. तळमजल्यावरच्या किंवा पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात तो शोभेचाच होतो.

४. पंखा कसा आणि कुठे लावायचा?

पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा वारा जाईल असा. सरळ खाली मारणारा पंखा पाणी उडवतो आणि दिव्यावर मीठ चढतं. दोन फुटी टँकला कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे पुरतात. संप असेल तर एक तिथे लावा, पण कॅबिनेटचं मागचं दार उघडं ठेवून. बंद कपाटात दमट हवाच फिरत राहते. काचेचं झाकण काढावं लागेल. मासे उडी मारतात म्हणून त्याजागी बारीक जाळी बसवा.

पंख्याची ताकद किती ते पाहा: एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. २०० लिटर पाणी तेवढ्यात सुमारे तीन अंश उतरतं. अर्थात खोलीतून उष्णता परत येत असते, म्हणून दिवसाला चार-पाच लिटर उडाले तरी प्रत्यक्षात तीन-चार अंशांचाच फरक दिसतो.

पंखा कंट्रोलरवर (ठरवलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर) टाका, नाहीतर पहाटे गरज नसताना तो टँक थंड करत राहील आणि हीटर चालू होईल.

५. पंख्यामुळे पाणी झपाट्याने आटतं. त्यात रोज कुठलं पाणी घालू? मीठ घालायचं का?

मीठ अजिबात नाही. वाफ होतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणाच्या २०० लिटरमधून पाच लिटर उडाले तर खारटपणा जवळपास ३६ होतो आणि हे रोज घडलं तर तापमान सांभाळण्याच्या नादात प्रवाळ मिठाने मरतं.

घालायचं ते आरओडीआय पाणी, म्हणजे आरओनंतर उरलेसुरले क्षारही काढलेलं, टीडीएस शून्य. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालत नाही, कारण चव यावी म्हणून त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. बाटलीबंद पाण्याचंही तेच. टँकर आणि बोअरवेलच्या पाण्याबद्दल बोलायलाच नको. उन्हाळ्यात ऑटो टॉप-ऑफ म्हणजे एटीओ (आटलेलं पाणी आपोआप भरणारी सोय) ही चैन नाही. पंखा घेणार असाल तर त्याचे पैसे पंख्याच्याच खात्यात धरा.

६. खोलीत डेझर्ट कूलर लावला तर टँकही थंड राहील ना?

थोडा राहील, पण दोघं एकाच कोरड्या हवेवर जगतात. कूलर खोलीत ओलावा भरतो आणि टँकवरच्या पंख्याचं काम अवघड होतं. खिडकी उघडी ठेवून कूलर चालवत असाल तर एकूण फायदाच होतो. खोली बंद असेल तर तासाभरात दोन्ही ढिले पडतात. कूलरचा झोत थेट टँकवर मात्र नको, त्याच्या टाकीतलं पाणी काही शुद्ध नसतं.

७. एसी २६ वर लावला तर टँकही २६ वर राहील का?

नाही. बंदिस्त टँक खोलीपेक्षा एक-दोन अंश वरच राहतो, कारण पाण्यातल्या पंपांची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. ५० वॉटचा जुना एसी पंप (इथे एसी म्हणजे घरच्या विजेवर थेट चालणारा) २०० लिटर पाणी दर तासाला ०.२ अंशाने तापवतो; तेच काम करणारा डीसी पंप बराच कमी. उन्हाळ्याच्या आधी पंप बदलणं हा पुष्कळदा चिलरपेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

एसीची दुसरी भानगड म्हणजे तो फक्त रात्री चालतो. रात्री २५, दुपारी २९, असा टँक प्रश्न १ मधल्या झोक्यात अडकतो. एसीवरच भिस्त ठेवायची असेल तर दिवसाही २८ वर चालू ठेवा आणि बाकीचं पंख्यावर सोडा. एसीची हवा कोरडी असते, त्यामुळे पंखा तिथे छान काम करतो.

८. चिलर घ्यायचाच ठरवलं. काय बघू?

उष्णता बाहेर कुठे जाणार ते आधी बघा, हॉर्सपॉवर नंतर. चिलर टँकमधली उष्णता काढून खोलीत सोडतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची भर घालतो. कॅबिनेटमध्ये कोंबलात तर तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो, सतत चालत राहतो आणि दोन उन्हाळ्यांत बसतो. शक्य असेल तर पाइप भिंतीतून काढून चिलर गॅलरीत, सावलीत ठेवा. २०० लिटरला बहुधा १/१० हॉर्सपॉवर पुरतो, पण स्लॅबखालच्या घरात एक पायरी मोठा घ्या. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा.

९. पुण्यात हीटर कशाला? इथे काय बर्फ पडतो का?

डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगरचा पारा पहाटे १० च्या खाली जातो तेव्हा हा प्रश्न बंद होतो. घरात तेवढी थंडी नसली तरी खोली १८-१९ ला येते आणि टँक २२-२३ ला. २०० लिटरला एकूण १५० वॉट भरपूर झाले, आणि ते एका हीटरमध्ये नकोत. ७५-७५ चे दोन लावा.

कारण हीटर बिघडतो तो बहुतेक वेळा चालू अवस्थेत अडकून. ३०० वॉटचा हीटर अडकला तर २०० लिटर पाणी तासाला सव्वा अंशाहून जास्त तापतं. रात्री झोपलात की सकाळी संपलं. ७५ चा अडकला तर तासाला सुमारे तीन दशांश अंश, आणि थंडीत तेवढी उष्णता खोलीकडेच निघून जाते. हीटरच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. बाहेरून वेगळा तापमान कंट्रोलर लावा आणि हीटरचा स्वतःचा आकडा त्याच्यापेक्षा एक अंश वर ठेवा, म्हणजे एक फसला तरी दुसरा तोडतो.

मे महिन्यात हीटर काढून ठेवायची गरज नाही, तो चालूच होणार नाही. फक्त पाणी बदलताना प्लग काढा. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

१०. हीटर आणि पंखा आळीपाळीने चालू होत राहतात. असं का?

दोघांच्या आकड्यांत अंतर नाही म्हणून. असं ठेवा: हीटर २५ ला चालू आणि २५.५ ला बंद, पंखा २६.५ ला चालू आणि २६ ला बंद. मधला अर्धा अंश कोणाचाच नाही, तो तसाच राहू द्या.

११. दोन थर्मामीटर दोन आकडे दाखवतात. कोणाचं खरं मानू?

काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीचं तर मुळीच नाही, ती निम्मं तापमान खोलीचं सांगते. डिजिटल प्रोब तपासायला घरातला तापाचा थर्मामीटर वापरा. भांड्यात कोमट पाणी घ्या, ३६-३७ च्या आसपास, आणि दोन्ही एकत्र बुडवा. तापाचा थर्मामीटर त्या टप्प्यात अंशाच्या एक-दोन दशांशापर्यंत बरोबर असतो. फरक दिसला तर तो कंट्रोलरमध्ये भरा. दुसरी खूण म्हणजे चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी: शून्य. उकळत्या पाण्याने तपासू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने इथे पाणी ९८ च्या सुमारास उकळतं आणि शिवाय प्रोब खराब होतो.

प्रोब टँकमध्ये नाही, संपमध्ये पाणी वाहतं तिथे ठेवा, हीटरपासून दूर.

१२. गुरुवारी चार-पाच तास वीज जाते. टँक तापेल का?

पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीचा वार, महावितरणचा आणि बऱ्याचदा महापालिकेच्या पाण्याचाही. आधी मरतो तो ऑक्सिजन, तापमान नंतर. पंप आणि दिवे बंद झाल्यावर २०० लिटर पाणी खोलीच्या तापमानाकडे हळूहळू सरकतं. मासे भरपूर असलेल्या टँकमध्ये ऑक्सिजन मात्र त्याआधीच खालावतो.

म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढवळणारा छोटा पंप) टाका. १५० एएचच्या बॅटरीवर २० वॉटचा वेव्हमेकर आणि घरातला एखादा पंखा दिवसभर सहज निघतात. हीटर, चिलर आणि मोठे दिवे इन्व्हर्टरवर नकोत. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना एवढा करंट ओढतो की लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, स्वस्त आहे.

दिवे गेल्याची काळजी सोडा. प्रवाळ दोन-तीन दिवस अंधारात काढतं.

१३. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर चालतं?

आणीबाणीत चालतं, रोजची पद्धत म्हणून नाही. फ्रीझरमधली एक लिटरची बाटली पूर्ण वितळून टँकच्या तापमानाला येईपर्यंत २०० लिटर पाणी साधारण अर्धा अंश उतरवते. म्हणजे दोन अंशांसाठी चार बाटल्या आणि त्या पुन्हा गोठायला रात्र. आठवडाभर सुट्टी घेतलीत तर जमेल. बाटली झाकण घट्ट करून, लेबल काढून, संपमध्ये तरंगत ठेवा. सुटा बर्फ टाकू नका, तो गोडं पाणी होऊन खारटपणा खाली आणतो.

१४. संध्याकाळी घरी आलो तर पाणी ३१! आत्ता काय करू?

दिवे बंद. ताप आणि प्रखर प्रकाश एकत्र आले की ब्लीचिंग लवकर होतं, त्यातला एक तरी लगेच काढता येतो. वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, एअर पंप लावा, झाकण काढा, पंखा सुरू करा. मग बाटल्या, प्रश्न १३ प्रमाणे. तासाला एखाद्या अंशाहून जास्त घाई नको. त्या रात्री खायला घालू नका आणि 'ताजं पाणी बरं' म्हणून मोठा पाणीबदलही करू नका. दुसऱ्या दिवशी दिवे निम्म्यावर ठेवा. आणि हीटर अडकलाय का ते बघा. उन्हाळ्यात सगळे हवेला शिव्या देतात आणि खरा गुन्हेगार आतच बसलेला असतो.

१५. किती वॉटचा दिवा घेऊ? लिटरला किती वॉट असा काही नियम आहे का?

तो नियम ट्यूबलाइटच्या काळातला, एलईडीला लागू नाही. सारख्या वॉटचे दोन एलईडी प्रवाळाला दुप्पट-तिप्पट वेगळा प्रकाश देऊ शकतात. भिंगं, उंची आणि रंग यांवर सगळं अवलंबून. मोजायचं ते पीएआर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २,००० च्या घरात असतो. टँकमध्ये त्याच्या पाव भागही लागत नाही.

१६. कोणत्या प्रवाळाला किती पीएआर?

झोआ, मशरूम, लेदर अशा सॉफ्ट कोरलला ५० ते १००. हॅमर, टॉर्च, अकॅन अशा एलपीएसला, म्हणजे मोठ्या तोंडांच्या दगडी प्रवाळाला, ८० ते १५०. माँटिपोरा आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसला २०० ते ३५०. हे तळाचे नाहीत, प्रवाळ ठेवलंय त्या जागेचे आकडे. एकाच दिव्याखाली वर ३०० आणि खाली वाळूत ८० मिळतं, त्यामुळे जागा बदलणं हाच पुष्कळदा दिवा बदलण्याला पर्याय असतो.

क्लाऊनफिशसाठी घेतलेल्या अ‍ॅनिमोनला सॉफ्ट कोरलमध्ये मोजू नका. त्याला २०० च्या आसपास लागतं आणि नाही मिळालं तर तो चालत जाऊन कुठेतरी पंपात अडकतो.

१७. मोबाइलच्या अ‍ॅपने पीएआर मोजता येतो का?

लक्स दाखवणाऱ्या अ‍ॅपने नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, त्यात हिरव्याला भाव जास्त आणि निळ्याला फार कमी. रीफचा दिवा तर बहुतांश निळाच, मग आकडा हास्यास्पद कमी येतो आणि माणूस दिवा वाढवत सुटतो. अपोजी कंपनीचे पाण्यात बुडवायचे पीएआर मीटर चांगले आहेत, पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूला महाग. चार-पाच जणांनी मिळून एक घ्या, शनिवार-रविवारी फिरवा.

१८. दिवे रोज किती तास, आणि कोणत्या वेळी?

एकूण नऊ-दहा तास. त्यात पूर्ण ताकदीचे पाच-सहा, बाकी चढता-उतरता. रोज त्याच वेळी, टायमरवर. अंधाराचे तास मोडू नका.

उन्हाळ्यात वेळ सरकवा. फ्लॅट सगळ्यात तापतो तो दुपारी चार ते सात, कारण भिंती आणि स्लॅब दिवसभराची उष्णता तेव्हा आत सोडतात. दिव्यांचा भर नेमका त्याच वेळी असेल तर दोन्ही शिखरं एकावर एक चढतात. मार्चपासून रोज अर्धा तास सरकवत भर संध्याकाळी सात ते रात्री बारावर न्या. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, आणि ऑफिसातून आल्यावर तुम्हाला टँक बघायलाही मिळतो. बेडरूममध्ये टँक असेल तर मात्र हा सल्ला घरात विचारून अमलात आणा.

१९. सगळे निळाच दिवा का लावतात? पांढरा जास्त छान दिसतो.

समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, खोल उतरतो तो निळा. प्रवाळातल्या शैवालाची रंगद्रव्यं, क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी२ आणि पेरिडिनिन, ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चांगलं काम करतात. पांढरा दिवा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी. तो थोडा असला तरी बिघडत नाही. शेवाळ वाढलं की पांढऱ्याला दोष दिला जातो. मूळ बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेटमध्ये असतं.

२०. प्रवाळ पांढरं पडलं. दिव्यामुळे की उन्हाळ्यामुळे?

कुठून पांढरं पडलं ते बघा. दिव्याने भाजलं तर वरची बाजू आधी जाते आणि सावलीतली खालची बाजू रंग राखून असते. तळाशी ठेवलेले शेजारी ठणठणीत दिसतात. उष्णतेने झालं तर सावलीतलेही फिके पडतात आणि टँकमधल्या सगळ्या नाजूक जाती एकदमच तक्रार करतात. तिसरी शक्यता उपासमारीची: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणून ठेवलेत तर प्रवाळ सगळीकडून सारखं, हळूहळू फिकट होतं.

माझ्या पाहण्यात पुण्यातली निम्म्याहून अधिक 'उन्हाळ्याची' प्रकरणं दिव्याची निघतात. नवीन एलईडी आला की तो पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर. प्रकाश कमी पडून प्रवाळ मरायला महिने लागतात, जास्त होऊन मरायला चार दिवस. नवीन दिवा किंवा नवीन फ्रॅग (प्रवाळाचा कापून आणलेला तुकडा) असेल तर निम्म्या ताकदीने सुरू करा आणि आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा.

पांढरं पडलेलं म्हणजे मेलेलं नव्हे. पारदर्शक मांस सांगाड्यावर दिसत असेल, स्पर्शिका बाहेर येत असतील, तर प्रकाश कमी करा, थोडं बारीक खाद्य द्या आणि थांबा. रंग यायला कित्येक आठवडे लागतात. मांस सोलवटून नुसता सांगाडा उरत असेल तर तो वेगळा आजार आहे, तिथे निरोगी तुकडा कापून वाचवायची घाई करा.

२१. खिडकीतलं ऊन दिव्याऐवजी वापरता येईल का?

पश्चिमेच्या खिडकीचं तर नकोच, प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त मिळेल. पूर्वेचं कोवळं ऊन तासभर पडत असेल तर चालून जातं, समोरच्या काचेवर शेवाळ मात्र धरेल. नुसत्या उन्हावर टँक चालवता येत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात सूर्य दिसतो किती?

२२. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून एलईडी आणून स्वतः दिवा जोडला तर?

जोडा की. तीन वॉटचे रॉयल ब्लू ४५० नॅनोमीटरचे, थोडे ४२० चे जांभळे आणि मोजके पांढरे. जाड अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि स्थिर करंट देणारा ड्रायव्हर. हीटसिंकवर कंजूषी केलीत तर एलईडी वर्षभरात मंदावतात. विकत घेणाऱ्याने पुड्यावर लिहिलेला आकडा नाही, नॅनोमीटर विचारावेत. सजावटीची रंगीत पट्टी लावून 'निळा आहे ना' असं म्हणू नका.

घरी बनवलेला असो वा विकतचा, प्लगचा बोर्ड टँकच्या पातळीपेक्षा वर लावा, वायरला खाली झोळ द्या म्हणजे थेंब प्लगपर्यंत जाणार नाही, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

२३. या सगळ्याचं वीजबिल किती?

१२० वॉटचा दिवा नऊ तास पूर्ण ताकदीने: महिन्याला ३२ युनिट. पंप आणि वेव्हमेकर मिळून ३५ वॉट, चोवीस तास: २५ युनिट. पंखा पाच वॉट: तीन-चार युनिट, तोही पूर्ण वेळ चालला तर. २०० वॉटचा चिलर दिवसाला आठ तास: ४८ युनिट. मुद्दा युनिटचा नाही, वीजदराच्या स्लॅबचा, म्हणजे टप्प्याचा. उन्हाळ्यात एसीमुळे तुम्ही आधीच ३०० च्या काठावर असाल तर चिलरचे ते ४८ युनिट वरच्या दराने लागतात.

२४. दिव्याचा खर्च नको. बिनदिव्याचं प्रवाळ मिळतं ना?

मिळतं, सन कोरल म्हणजे ट्युबास्ट्रिया. त्यात झूझँथेली नसते, त्यामुळे प्रकाश लागत नाही. पण मग जेवण तुम्हालाच भरवावं लागतं, एकेका तोंडाला, आठवड्यातून अनेकदा. त्या खाद्याने पाणी खराब होतं आणि दिव्याचे वाचलेले पैसे पाणीबदलाच्या मिठात जातात. तापमानाची सूट काही मिळत नाही.

२५. मालवणला खडकावर प्रवाळ दिसतं. त्याला इथल्या उन्हाची सवय असेल, छोटा तुकडा आणला तर?

नाही. सर्व दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत आहेत. तोडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. मेलेला वाळका तुकडासुद्धा त्यात आला. दुकानातून घेतानाही आयातीचे कागद मागा; दगडी प्रवाळ 'साइट्स' (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. कागद नाहीत म्हणाले तर सौदा नाही. मशरूम आणि लेदरसारख्या सॉफ्ट कोरलवर सुंदर टँक होतो, आणि प्रश्न १६ पाहिलात तर तो थंड ठेवायला आणि उजळायला सोपाही आहे.

२६. दिवाळीत आठ दिवस गावी जातोय. शेजारच्या काकू बघतील म्हणतात. काय सांगून जाऊ?

काकूंना खाद्याचा डबा देऊ नका, आठ दिवसांच्या पुड्या बांधून द्या, एक दिवसाआड एक. एटीओची टाकी काठोकाठ भरा. दिव्यांची ताकद २० टक्के कमी करून जा, ऑक्टोबर हीट असेल तर उपयोगी पडेल. कंट्रोलरवर कागद चिकटवा: २४.५ ते २७.५ मध्ये असेल तर काही करू नका. वर गेला तर दिव्याचा हा प्लग काढा आणि फोन करा. खाली गेला तर नुसता फोन करा. प्लगवर लाल टेप लावा. आणि निघायच्या दोन दिवस आधी कुठलीही नवीन वस्तू, पंप, दिवा, फ्रॅग, टँकमध्ये घालू नका. परत आल्यावर घाला.